एक माणूस दिसणार नाही, साहेब

मास्तरांच्या घरात भिंतीवर तीन वस्तू टांगलेल्या होत्या. एक घड्याळ, एक कॅलेंडर आणि एक प्रशस्तिपत्र. घड्याळाकडे ते दिवसातून वीस वेळा बघत, कॅलेंडरकडे एकदा, आणि प्रशस्तिपत्राकडे गेल्या एक्केचाळीस वर्षांत त्यांनी आपणहून कधी मान वर करून बघितलं नव्हतं. ते तिथे होतं ते मास्तरीणबाईंमुळे. घर बदललं, भिंत बदलली, काच दोनदा फुटली, पण बाईंनी दर वेळी नवी काच बसवून ते पुन्हा खिळ्याला अडकवलं. "सरकारनं जन्मात एकच बरा कागद दिला तुम्हाला," असं त्यांचं म्हणणं. "तोही ट्रंकेत कोंबू का?"

मास्तर म्हणजे शाळेचे नव्हेत, स्टेशनचे. शाळेचे होते त्यांना गाव गुरुजी म्हणायचं, आणि या दोघांत गावानं कधी घोटाळा केला नाही. छोटी लाइन चालू होती तेव्हा मास्तर तिच्या शेवटच्या स्टेशनात होते. लाइन म्हणजे तरी काय, बाजाराच्या गावापासून इथवर चार स्टेशनं, दोन डबे आणि एक इंजिन, जे चढ लागला की आधी थांबून विचार करायचं. सकाळी एकदा यायचं आणि परत जायचं, संध्याकाळी एकदा यायचं आणि परत जायचं. स्टेशन गावापासून मैलभर लांब, शेतांच्या मधोमध. एक खोली, तिला तिकिटाची खिडकी, पुढे फलाट, फलाटाच्या टोकाला टांगलेला रुळाचा तुकडा. तो लोखंडी दांड्यानं वाजवला की गाडी सुटायची. मागे दोन खोल्यांचं क्वार्टर. एवढ्याशा राज्याचे मास्तर राजे होते, आणि खोटं कशाला बोला, राजासारखेच वागायचे.

मास्तरांना दोन गोष्टींचं वेड होतं. एक वेळ आणि दुसरी स्वच्छता. वेळ त्यांच्या हातात नव्हती, ती इंजिनाच्या हातात होती. म्हणून सगळा जोर स्वच्छतेवर. कोणी शेंगांची टरफलं टाकली की मास्तर खिडकीतून डोकं काढून त्याच्याकडे नुसते बघत राहायचे, तो बिचारा टरफलं उचलून खिशात घालेपर्यंत. बकरी घेऊन आलेल्याला बकरीसकट फलाटाखाली उभं करायचे. लोक मागून हसायचे, पण ऐकायचे. निदान मास्तरांना तसं वाटायचं.

तर एके दिवशी गुरुजी घरी आले. गुरुजी आता निवृत्त होते, आणि निवृत्त माणसाला एखादी समिती लागतेच. त्यांची होती छोट्या लाइनची स्मृती समिती. रूळ केव्हाच उखडून नेलेले, स्टेशनात इतकी वर्षं कोणाकोणाचा चारा भरलेला. समितीनं चारा काढायला लावला, भिंती रंगवल्या, खोलीचं स्मृतिदालन केलं आणि रुळांच्या जागी चालायला मातीचा रस्ता करून दुतर्फा रोपं लावली. रोपांना पाणी घालायचं काम गुरुजींनी स्वतःकडे घेतलं होतं, आणि ते इतकं मन लावून घालायचे की रस्त्यावर कायम चिखल असायचा.

"रविवारी उद्घाटन आहे," गुरुजी म्हणाले. "ते प्रशस्तिपत्र आम्हाला द्या. बरोबर मधल्या भिंतीवर लावतो."

"न्या," मास्तर म्हणाले. इतक्या चटकन म्हणाले की गुरुजींना जरा संशयच आला.

"आणि तुमचं भाषण. दहा मिनिटं. आठवणी सांगा."

"कसल्या?"

"अहो, कसल्या म्हणजे? गाडीच्या. सगळा गाव सांगतोय. काल शिंपी सांगत होता, लहानपणी गाडीशिवाय त्याचं पान हलायचं नाही."

"शिंपी एकदाच चढला होता. बिनतिकीट. मी उतरवला."

"तेच म्हणतोय मी. आठवण आहेच की," गुरुजी म्हणाले आणि चहाचा कप खाली ठेवून निघाले. प्रशस्तिपत्र मात्र मास्तरांनी हातात दिलं नाही. रविवारी मीच घेऊन येतो, म्हणाले.

ते गेल्यावर मास्तर स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "मी सांगणार आहे."

"काय?" आतून आवाज आला.

"खरं काय झालं ते. रविवारी. सगळ्यांसमोर."

मास्तरीणबाई हात पुसत बाहेर आल्या. त्यांना गुडघ्यांचा त्रास होता, त्यामुळे दारापर्यंत येणं हीसुद्धा मोठी गोष्ट होती. "एक्केचाळीस वर्षं मूग गिळून बसलात," त्या म्हणाल्या. "आणखी थोडी बसा की. कोणाचं काय अडलंय?"

"तो कागद त्या भिंतीवर लागणार, लोक त्याच्याखाली उभे राहून माझं कौतुक करणार. मला ते नाही सोसायचं. एक्क्याऐंशी झाली. गावाला कळू दे गाडी कोणामुळे गेली. मग थुंकायचं तर थुंकू देत तोंडावर."

"नका सांगू," बाई म्हणाल्या. मग पुन्हा म्हणाल्या, "मी सांगते म्हणून नका सांगू."

पण मास्तरांनी ते मनावर घेतलं नाही. घरात काय बोललं जातं ते ऐकून घ्यायचं आणि आपल्याला हवं तेच करायचं, ही त्यांची सरकारी नोकरीपेक्षाही जुनी सवय होती.

आता मास्तरांच्या मनात एवढं काय सलत होतं, ते सांगतो. एका सोमवारी संध्याकाळच्या गाडीनं त्यांच्याकडे एक कागद आला होता. उद्या सकाळच्या गाडीनं साहेब पाहणीला येत आहेत, एवढाच मजकूर. मास्तरांच्या नोकरीत पाहणी म्हणजे एकच गोष्ट. साहेब यायचे, कोपऱ्यात बोट फिरवून धूळ बघायचे, फलाटाच्या कडेचा चुना बघायचे आणि वहीत शेरा लिहून जायचे. दर वेळी शेरा यायचा 'ठीक'. 'उत्तम' एकदाही नाही. कारण दर वेळी ऐन पाहणीत कोणीतरी पोतं घेऊन यायचा, कोणाचं पोर फलाटावरच बसायचं, आणि मास्तरांच्या कष्टांवर पाणी पडायचं. या वेळी मास्तरांनी ठरवलं, आता नाही. त्यांनी फळ्यावर खडूनं ठळक लिहिलं: 'उद्या साहेबांची पाहणी. सकाळच्या गाडीला कोणीही येऊ नये. अडचण असेल त्याने संध्याकाळी जावे.' आणि फळा वाचायला मैलभर कोण येणार, म्हणून टपालाची थैली न्यायला आलेल्या पोस्टमनला सांगितलं, घरोघर निरोप दे. पोस्टमन तेव्हा नवाच होता, बावीस वर्षांचा. हो म्हणाला आणि सायकलवर बसून गेला.

मंगळवारी पहाटेपासून मास्तर कामाला लागले. फलाट तीनदा झाडला, दोनदा धुतला. दगडांना चुना लावला, कंदिलाच्या काचा पुसल्या, रुळाचा तो टांगलेला तुकडासुद्धा तेलाचा हात फिरवून चकचकीत केला. मास्तरीणबाई त्या दिवशी बाजाराच्या गावी बहिणीकडे गेल्या होत्या, म्हणून साहेबांच्या चहाचं आधणही मास्तरांनीच ठेवलं. आणि गाडीची वेळ होत आली तरी शेतांमधल्या वाटेवर एक माणूस दिसेना. एक बकरी नाही, एक पोतं नाही. मास्तरांचा ऊर भरून आला. गाव आपलं इतकं ऐकतं, हे त्यांना त्या सकाळपर्यंत माहीत नव्हतं.

गाडी आली. साहेब उतरले, मागून दोन कारकून, एकाच्या हातात रकाने आखलेली लांबट वही. साहेबांनी फलाट या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला.

"प्रवासी?" त्यांनी विचारलं.

मास्तर ताठ उभे राहिले. "एक माणूस दिसणार नाही, साहेब."

साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. "रोज असंच असतं?"

"रोज असंच ठेवायचा प्रयत्न असतो, साहेब," मास्तर म्हणाले.

कारकुनानं वहीत एक पूज्य काढलं. मग साहेबांना काय वाटलं कोणास ठाऊक, त्यांनी चहा घेतला, फलाटाच्या कडेनं एक चक्कर मारली, चुन्याचं कौतुक केलं आणि त्याच गाडीनं परत गेले. टपालाची थैली दुपारपर्यंत तशीच पडून होती. मास्तरांना वाटलं, पोस्टमन पोरगा समजूतदार आहे, साहेब जाईपर्यंत लांब राहिला.

महिन्याभरानं त्या थैलीतून मास्तरांच्या नावे दोन लखोटे आले. एकात स्वच्छतेचं प्रशस्तिपत्र, शेरा उत्तम. दुसऱ्यात लाइन बंद करण्याचा हुकूम, कारण असं की शेवटच्या स्टेशनात प्रवासी मुळीच नसल्याचं पाहणीत आढळलं. मास्तरांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले आणि कारकुनानं काढलेलं ते पूज्य कशाचं होतं, ते त्यांना आता कळलं.

त्या पाहणीनंतर गाडीला माणसंही कमी येऊ लागली होती. मास्तरांना वाटलं, लोक रागावले. येऊ नका म्हटलं ते लोकांना लागलं. मग गाडी गेली, गावात बस आल्याचं कानावर पडलं, केव्हापासून ते मास्तरांनी विचारलंच नाही, आणि त्यांची बदली झाली. एका मोठ्या जंक्शनात त्यांनी अठरा वर्षं काढली, तिथे रोज इतका कचरा व्हायचा की मास्तरांनी बघणंच सोडलं. निवृत्त झाल्यावर मुलगी म्हणत होती आमच्याकडे या. मास्तर याच गावात परत आले. घर घेतलं आणि गावाची फुकट चाकरी सुरू केली. कोणाचा अर्ज लिहून दे, कोणाचा फॉर्म भरून दे, कोणाला कचेरीतलं पत्र समजावून सांग. गाव म्हणायचं, माणूस देवासारखा आहे. मास्तर मनात म्हणायचे, फेडतोय. आणि बसमध्ये त्यांनी कधी पाय ठेवला नाही. बाजाराच्या गावी सायकलनं जायचे, सायकल सुटली तसं जाणंच सुटलं. चष्म्याचा नंबर बदलून सहा वर्षं झाली होती, पण डोळ्यांचा डॉक्टर बाजाराच्या गावी, आणि तिकडे जायला बस. कोणी बसचा विषय काढला की मास्तर उठून जायचे. गाव यालाही तत्त्व म्हणायचं.

रविवार उजाडला. मास्तरीणबाईंनी इस्त्रीचा सदरा काढून दिला, प्रशस्तिपत्राची काच पुसून ते वर्तमानपत्रात गुंडाळलं. "मी नाही येत," त्या म्हणाल्या. "मैलभर चालायचं म्हणजे हे गुडघे वाटेतच राहतील." दारात उभ्या राहून त्यांनी मास्तरांची कॉलर सारखी केली. एरवी त्या असलं काही करत नसत.

स्टेशनात पन्नासेक माणसं जमली होती. मास्तर पाहत राहिले. गाडी चालू असताना त्या फलाटावर एका वेळी एवढी माणसं त्यांनी कधी पाहिली नव्हती. भिंतीवर चित्रकारानं गाडी काढली होती. मास्तरांनी जवळ जाऊन डबे मोजले. सात भरले.

"दोन होते," ते चित्रकाराला म्हणाले.

"माहितीये, काका," तो म्हणाला. "पण भिंत लांब आहे."

गुरुजींनी फीत कापली आणि आठवणींना सुरुवात झाली. शिंपी म्हणाला, त्या गाडीची शिट्टी ऐकून गाव घड्याळं लावायचं. गाडी रोज वेगळ्या वेळी यायची, हे मास्तरांइतकं कोणाला माहीत होतं. दुसरा एकजण म्हणाला, गाडी म्हणजे आमचा जीव होता. तिसऱ्यानं सांगितलं की गाडी बंद झाली त्या दिवशी त्याच्या घरी कोणी जेवलं नाही. बायका डोळे टिपायला लागल्या. एकेक बोलत होता आणि मास्तरांच्या मनात एकच चाललं होतं. हे सगळं आपण यांच्याकडून हिरावून घेतलं, दुसऱ्या कोणी नाही.

मग गुरुजींनी त्यांचं नाव पुकारलं. मास्तर उभे राहिले, वर्तमानपत्र सोडलं आणि प्रशस्तिपत्र सगळ्यांना दिसेल असं छातीशी धरलं.

"हे तुम्ही लावू नका," ते म्हणाले. "का ते सांगतो."

आणि त्यांनी सांगितलं. कागद कसा आला, फळ्यावर काय लिहिलं, पोस्टमनला काय निरोप दिला. तुम्ही सगळ्यांनी माझं ऐकलंत, म्हणाले. एकजणही आला नाहीत. मी साहेबांना छाती फुगवून सांगितलं, एक माणूस दिसणार नाही. आणि त्यांनी ते लिहून घेतलं. काही न गाळता ते शेवटपर्यंत गेले. "तुमची गाडी सरकारनं बंद केली नाही," ते म्हणाले, "मी केली. एवढी वर्षं तुम्ही मला मान दिलात. तो मला मिळायला नको होता. मला माफ करायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

मास्तर मान खाली घालून उभे. आता पहिला दगड कुठून येतो याची वाट बघत होते म्हणा ना.

"मास्तर," मागून आवाज आला. पोस्टमन होता. आता तोही निवृत्त, केस पिकलेले, तोंडावर अपराधी हसू. "मी तो निरोप सांगितलाच नव्हता."

मास्तरांनी मान वर केली.

"सोमवारी संध्याकाळी गावात आलो तर सगळा गाव चौकात," पोस्टमन म्हणाला. "मंगळवारी बस सुरू होणार होती ना. पहिला दिवस फुकट. मी म्हटलं, आता निरोप सांगून काय उपयोग, गाडीला असंही कोणी जायचं नाही. थैलीसुद्धा मी दुपारी नेली, आठवतं? सकाळी मीही बसमध्येच होतो."

"मंगळवार," शिंपी म्हणाला. "अरे हो, मंगळवारच. मी टपावर बसलो होतो."

"टपावर मी होतो," दुसरा एकजण म्हणाला. "तू मागच्या शिडीवर लटकत होतास."

आणि मग काय विचारता. आतापर्यंत माणसं आठवणी शोधून शोधून काढत होती, त्यांना एकदम उधाण आलं. बस कशी नवी कोरी होती, रंग कसा होता, खिडकीसाठी कोणी कोणाचा सदरा फाडला, ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला तेव्हा कोण घाबरून उतरला. जो मघाशी जेवला नव्हता तो आता सांगत होता की बाजाराच्या गावात पोचल्यावर सगळ्यांनी मिळून कसं पोटभर खाल्लं. बायकांनी पदर डोळ्यांवरून काढून तोंडावर धरले होते, हसू आवरायला. गुरुजीसुद्धा न राहवून बोलून गेले की शाळेला त्यांनी त्या दिवशी सुट्टीच दिली होती. छोट्या लाइनच्या स्मृतिदालनाचं उद्घाटन असं झकास रंगलं, फक्त रंगलं ते बसवर.

मास्तर प्रशस्तिपत्र छातीशी धरून तसेच उभे होते. कोणीतरी हळूच ते त्यांच्या हातातून घेतलं आणि मधल्या भिंतीवर लावून टाकलं.

"बघा," गुरुजी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "तुमचा काडीचाही दोष नाही. तुम्ही नुसतं मनाला लावून घेतलं होतंत. पडला ना जीव भांड्यात?"

"हो," मास्तर म्हणाले.

पण तो पडला नव्हता. चिखल चुकवत घरी जाताना त्यांना स्वतःचंच नवल वाटत होतं. लोक थुंकतील, वाळीत टाकतील, म्हातारपणी गाव सोडावं लागेल, या सगळ्याची त्यांनी तयारी केली होती. लोक हसतील याची केली नव्हती. एक्केचाळीस वर्षं त्यांना वाटत होतं, आपण एक शब्द टाकला आणि अख्खा गाव घरात बसला. त्याच शब्दानं वाटोळं केलं, पण शब्दाला वजन तर होतं. आता कळत होतं की गावानं तो शब्द ऐकलाच नव्हता. त्या सकाळी ते चुना लावत होते, ऊर भरून वाटेकडे बघत होते, आणि गाव तिकडे टपावर बसून गाणी म्हणत चाललं होतं. गुन्हेगार असणं त्यांना जमलं होतं. कोणीच नसणं कसं जमवायचं, ते त्यांना कळेना.

आणि अर्ध्या वाटेत, एका रोपापाशी, ते थांबले. त्यांना चहा आठवला. साहेबांचा चहा.

घरी मास्तरीणबाई खिडकीशी बसून वाटाणे सोलत होत्या. मास्तर समोरच्या खुर्चीत बसले. भिंतीवर प्रशस्तिपत्राच्या जागी पांढरा चौकोन दिसत होता.

"सांगितलंत?" बाईंनी विचारलं.

"सांगितलं." मास्तरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "त्या दिवशी तू बहिणीकडे गेली होतीस."

"हो."

"त्या सकाळी माझ्या स्टेशनातून एकही माणूस गाडीत चढला नव्हता. मी स्वतः बघत होतो."

बाईंचे हात थांबले.

"मग तू गेलीस कशानं?"

"एक्केचाळीस वर्षांनी विचारताय," बाई म्हणाल्या. हातातली शेंग खाली ठेवून म्हणाल्या, "बसनं गेले. मागच्या दारानं निघाले, चालत चौकात आले आणि बसनं गेले. खिडकीजवळ जागा मिळाली. बरं वाटलं. चढ आला तरी थांबली नाही."

"मला सांगितलं नाहीस."

"काय सांगणार? संध्याकाळी परत आले तर तुम्ही नाचायचे तेवढे बाकी होतात. साहेबांनी चुन्याचं कौतुक केलं म्हणून. म्हटलं, उद्या सांगू. मग तो हुकूम आला आणि तुम्ही अंथरूण धरलंत. माझ्यामुळे गाडी गेली, माझ्यामुळे गाडी गेली. तेव्हा सांगायला हवं होतं, कळतं मला." त्यांनी एक शेंग उचलली, पण सोलली नाही. "पण तुम्ही सारखं म्हणायचात, गावानं माझं ऐकलं. रडत म्हणायचात, पण म्हणायचात. मला वाटलं, गाडी तर गेलीच आहे. आता एवढं तरी राहू दे यांच्यापाशी."

रागवायचा मास्तरांनी प्रयत्न करून पाहिला, पण राग कुठून सुरू करावा ते सापडेना. शेवटी पुढे सरकून त्यांनी मूठभर शेंगा घेतल्या आणि सोलू लागले. आयुष्यात पहिल्यांदा. टरफलं जमिनीवर पडत होती, बाईंनी ती बघितली आणि काही म्हटलं नाही.

"परवा बसनं जाऊन डोळे दाखवून या," त्या म्हणाल्या. "शेंग आणि अळी यातला फरक दिसत नाहीये तुम्हाला."

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी किल्ली घेऊन हजर. दालन उघडं ठेवायला समितीला माणूस हवा होता, आणि मास्तरांइतका योग्य दुसरा कोण. एक वहीही दिली, रकाने आखलेली. किती लोक येतात ते रोज लिहायचं, म्हणाले. सहा महिन्यांनी पाहणी आहे, कोणी येत नसेल तर खोली परत चाऱ्याला जाईल. मास्तरांनी वही हातात घेतली आणि एवढंच विचारलं, "साहेब किती वाजता येतात?"

ते दालनात गेले. कालच्या पन्नास माणसांनी खोलीचं पार वाटोळं केलं होतं. मास्तरांनी बादली भरली आणि फरशी पुसून काढली, एकदा, मग पुन्हा एकदा. तिकिटाच्या खिडकीमागे स्टूल ओढून बसले. दहा वाजले. अकरा वाजले. वाटेवर कोणी दिसेना. ज्यांचा जीव होता गाडी, त्यांतला एकही नाही. फरशी आरशासारखी चमकत होती. मधल्या भिंतीवर 'उत्तम' लिहिलेलं होतं, आणि मास्तर त्याच्याकडे आज पहिल्यांदा मान वर करून बघत होते. कागद चांगलाच होता. दिवसअखेर वहीत जे लिहावं लागणार, तेही त्यांना दिसत होतं. एक पूज्य.

साडेअकराला दूर काहीतरी हललं. कोणीतरी येत होतं, काठी टेकत, दहा पावलं चालून थांबत, पुन्हा दहा पावलं. मास्तरांच्या जुन्या चष्म्यातून नीट दिसेना. पण थांबण्याची ती पद्धत त्यांनी ओळखली. ते उठून दारापर्यंत गेले नाहीत, का कोणास ठाऊक. स्टुलावरच बसून राहिले, आणि हातातला फडका त्यांनी मांडीखाली लपवला.

मास्तरीणबाई दारात आल्या तेव्हा त्यांना धाप लागली होती. गुरुजींच्या रोपांचा सगळा चिखल चपलांना. त्यांनी पुसलेली फरशी बघितली. मास्तरांकडे बघितलं. मास्तरांचं तोंड सवयीनं उघडलं होतं, आणि बाई ते काय बोलतात याची वाट बघत उंबऱ्यावर उभ्या राहिल्या.

"ये," मास्तर म्हणाले. "चपला राहू दे. तशीच ये आत."

त्या आल्या. दारापासून खिडकीपर्यंत चांगली आठ-दहा पावलं उमटली. खिडकीच्या गजाला धरून त्या दम खात उभ्या राहिल्या.

मास्तरांनी वही उघडली आणि पूज्यासाठी मोकळ्या असलेल्या रकान्यात, चष्मा नाकावर सारून, नीट जपून लिहिलं: एक.